विजेता मैदानावर ठरू द्या!

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलसारखा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगाला अंग भिडवून तो खेळतात. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात. पण या खेळाचा राष्ट्रीय विजेता कित्येक दशके मैदानावर ठरतच नव्हता! १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांचे मतदान घेई. १९५० पासून प्रशिक्षकांचेही मतदान सुरू झाले. प्रशिक्षक आपल्याच संघाला मत देऊ शकत! आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचे पहिले तत्त्व. ते येथे कुठे गेले?

या मतदानाने काय केले ते पाहा. १९६१ साली फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने दहापैकी दहा सामने जिंकले. त्याच वर्षी अलाबामाचा निव्वळ गोऱ्यांचा संघही अजिंक्य राहिला. राष्ट्रीय विजेता अलाबामा ठरला. दोघांची गाठ पडणे शक्यच नव्हते, कारण वर्णभेदाने मैदानेच वेगळी केली होती. जो सामना होऊच दिला नाही, त्याचा निकाल मात्र दिला गेला!

१९७८ साली दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी चार संघांची बाद फेरी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जिंकले कोण? तेच फ्लोरिडा ए अँड एम! अंतिम सामन्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला ३५-२८ असे हरवले. दार उघडताच ही गुणवत्ता दिसली. मग दार बंद असताना ती नव्हती, असे कोण म्हणेल?

वरच्या श्रेणीला मात्र हे शहाणपण सुचायला २०१४ साल उजाडले. त्याआधी १९९८ पासून मते आणि संगणक यांच्या बेरजेतून दोनच संघ अंतिम सामन्यासाठी निवडत. २००८ च्या हंगामात यूटाने तेराच्या तेरा सामने जिंकले, शेवटी बलाढ्य अलाबामालाही लोळवले. तरी किताब गेला एक सामना हरलेल्या फ्लोरिडाकडे. २०१४ मध्ये चार संघांची बाद फेरी आली, पण ते चार निवडणार तेरा जणांची समिती. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले. समितीने त्यांना वगळले. कारण काय, तर त्यांचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता! केलेल्या कामगिरीवर नव्हे, उद्या काय होईल या अंदाजावर निकाल देणे, याला न्याय म्हणत नाहीत.

२०२४ पासून बारा संघ आले. पहिल्याच वर्षी दोन सामने हरलेला, आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट विजेता ठरला. बंद खोलीतील क्रमवारी किती कच्ची असते, याचा हा पुरावाच. त्या वर्षी पाच जागा गटविजेत्यांसाठी होत्या. पण ते पाच कोणते, हे पुन्हा समितीच्याच क्रमवारीवर. बास्केटबॉलमध्ये मात्र प्रत्येक गटाच्या विजेत्याला स्पर्धेत जागा मिळते, ती नियमाने. मग फुटबॉलमध्ये का नको?

लहान विद्यापीठे मोठ्यांपुढे टिकणार नाहीत, असे प्रस्थापित सांगतात. नसतील टिकत, तर हरतील! मैदानावरचा पराभव हा सुनावणीनंतरचा निकाल असतो, वगळणे म्हणजे सुनावणीविना शिक्षा. सामने वाढल्याने पोरांच्या शरीरावर ताण येतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय हंगामातील इतर सामने कमी करण्याचा, दार लावून घेण्याचा नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच, की प्रत्येक गटविजेत्याला नियमाने प्रवेश द्या आणि समितीकडे उरलेल्या जागाच ठेवा. प्रवेश कोणाच्या कृपेने मिळत असेल, तोवर त्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणता येणार नाही. गुणवत्तेचा डंका पिटणाऱ्यांनी आधी सर्वांना मैदानात उतरू द्यावे!