सीनियर खेळाडू ठेवायचा की सोडायचा? प्रो कबड्डीतल्या संघांचं गणित समजून घ्या

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या पर्वाची फायनल. दबंग दिल्लीकडे निसटती आघाडी होती आणि शेवटच्या क्षणांत पुणेरी पलटणचा आदित्य शिंदे चढाईला आला. त्याला पकडलं ३३ वर्षांच्या फजल अत्राचलीनं. दिल्ली ३१-२८ अशी जिंकली.

पुण्याच्या चाहत्यांना ही पकड जास्त लागली असणार, कारण हाच फजल नवव्या पर्वात पुण्याचा कर्णधार होता. २०२२ मध्ये त्याच्यासाठी पुण्यानं १ कोटी ३८ लाख मोजले होते. पुढच्याच पर्वाआधी त्याला सोडून दिलं.

मग पुण्याचं चुकलं का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

सोडण्याचा निर्णय बरोबर की चूक?

नवव्या पर्वात फजलच्या नेतृत्वाखाली पुणे फायनलपर्यंत गेलं आणि जयपूरकडून ३३-२९ असं हरलं. त्यानंतर पुण्यानं अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी तरुण पोरं हाताशी ठेवली. फजलच्याच डाव्या कोपऱ्यासाठी त्याच्याच देशाचा, इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. दहावं पर्व पुण्यानं जिंकलं. म्हणजे निर्णय फळाला आला.

पण अकराव्या पर्वाआधी शादलुईही सुटला. त्याला हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि ते पर्व हरियाणानंच जिंकलं. पुण्याला प्लेऑफही गाठता आली नाही. अस्लमची दुखापत हे एक कारण होतंच, पण कोपऱ्यातला भरवशाचा माणूस गेला की काय होतं, तेही दिसलं.

यातून एवढं कळतं की सीनियरला सोडणं हा गुन्हा नाही. त्याची जागा कोण घेणार, हे ठरवून सोडावं लागतं.

संघ नेमकं काय बघतात?

खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येक संघाकडे साधारण ५ कोटी रुपये असतात. रिटेन केलेल्या खेळाडूचे पैसे त्यातूनच जातात. एका सीनियरवर दीड कोटी गेले, तर उरलेल्या साडेतीन कोटींत बाकी सगळा संघ बसवायचा.

दुसरी गोष्ट एफबीएम कार्ड, म्हणजे फायनल बिड मॅच. खेळाडू सोडला तरी लिलावात त्याच्यावर लागलेल्या शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं दहाव्या पर्वात २ कोटी ६०.५ लाखांना घेतलं होतं. अकराव्या पर्वाआधी सोडलं आणि हे कार्ड वापरून १ कोटी ७२.५ लाखांना परत आणलं. खेळाडू तोच, वाचले ८८ लाख. त्यामुळे 'रिलीज' ही बातमी म्हणजे दरवेळी 'नारळ दिला' असं नसतं.

तिसरी गोष्ट, मैदानावरची जागा. चढाईपटूचं सगळं गुडघे, उडी आणि वेगावर चालतं. कोपऱ्यातला बचावपटू अंदाजावर खेळतो, समोरचा कुठे पाय टाकणार हे त्याला वर्षानुवर्षांच्या सरावानं कळतं. 'डुबकी किंग' परदीप नरवालकडे बघा. लीगमधले १८०१ चढाईगुण त्याच्या नावावर. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख, पुढच्या वर्षी ९० लाख, २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ च्या लिलावात बोलीच लागली नाही आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय फक्त २८. त्याच पर्वात ३३ वर्षांचा फजल ट्रॉफी उचलत होता. जन्मतारीख बघून सीनियरची किंमत ठरवणारा संघ इथेच फसतो.

खेळाडूच्या हातात काय?

जवळपास काहीच नाही. युरोपात १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला फुटबॉलपटू हव्या त्या क्लबशी बोलून जाऊ शकतो. जुन्या क्लबला त्याचे पैसे मागता येत नाहीत. कबड्डीत ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो, भाव लिलाव ठरवतो. यू मुम्बाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार २०१८ च्या लिलावात ३० लाखांत जयपूरकडे गेला. त्याच लिलावात यू मुम्बानं फजलवर १ कोटी लावले. हिशेब म्हणून यात गैर काही नव्हतं. पण ज्याच्या नावावर संघ उभा राहिला, त्याला आपल्या शेवटच्या पर्वाचा संघ निवडता आला नाही.

आमच्या मते इथे नियम बदलायला हवा. ठरावीक पर्वं खेळलेल्या खेळाडूला लिलावाआधी काही दिवस थेट संघांशी बोलू द्या. कमी पैशांत जुन्या संघाकडेच राहायचं की दुसरीकडे जायचं, हे त्याला ठरवू द्या. संघांचंही यात नुकसान नाही. पडत्या भावात अनुभव मिळतो आणि शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस तरुण पोरांना मिळतो.

रत्नागिरीच्या पोरांनी यातून काय घ्यावं?

आपल्या चिपळूणचा शुभम शिंदे अकराव्या पर्वात पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि त्याचा संघ फायनल खेळला. त्याला टीव्हीवर बघून जिल्ह्यातली अनेक मुलं आता प्रो कबड्डीचं स्वप्न बघतायत. ते बघायलाच हवं. पण १८०१ गुण घेणाऱ्याचीही २८ व्या वर्षी बोली लागत नाही, हे घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी पोराला आधीच सांगायला हवं.

आधीच्या पिढीचे कबड्डीपटू रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अशा संघांतून खेळले. तिथे गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. लीगचा करार ही नोकरी नव्हे. त्यामुळे पहिली बोली लागल्यावर कॉलेज सोडू नका आणि खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा अर्ज भरायचा राहू देऊ नका. संघ त्याचं गणित दरवर्षी नव्यानं मांडतो, तुम्हीही तुमचं मांडा.