रिट्रीट संपल्यावर

रिट्रीटहून परतल्यावर पंधरा दिवस सगळेच भारावलेले असतात. मग सबमिशन येतं, परीक्षा येते, प्रार्थना मागे पडते आणि मनात येतं, 'आपला विश्वासच थंडावला बहुतेक.' काही जण इथेच देवाचा नाद सोडतात. मला वाटतं, अंगावर येणाऱ्या शहाऱ्यावरून विश्वास मोजणं हीच मोठी गफलत आहे.

पंडिता रमाबाईंकडे बघा. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली रडत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. पण अशी लाट कायम उंच राहत नाही. रमाबाई मात्र पुढची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत राहिल्या, तेही साध्यासुध्या बायकांना समजेल अशा भाषेत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या; संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये. शहारे एवढे टिकत नाहीत. निष्ठा टिकते.

उत्साह ही देवाची देणगी. तो कधी येईल हे आपल्या हाती नाही. रोज दहा मिनिटं शुभवर्तमान उघडणं मात्र आहे. कोरडं वाटलं, तर तेही देवालाच सांगा. स्तोत्रकर्त्यांनी कमी तक्रारी केल्यात का? आणि एकट्याने जमत नसेल, तर होस्टेलमधल्या एखाद्याला सोबत घ्या. कदाचित तोही कुणी विचारेल म्हणून वाट बघत असेल.