अंगणातील तुषार आणि उसाचा गुंठा

लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील कित्येक कास्तकारांच्या घरी वैशाखात अंगणावर पाण्याचे बारीक तुषार सोडणारी नळी बसविलेली आढळते. तिजवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्या लातुरास सन २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, तेथे पाणी हवेत उधळणे पाप होय, असे म्हणतात. म्हणणारांचा हेतू चांगला आहे. आणि आमची बहुतेक चाकरी टंचाईचे तक्ते भरण्यात गेल्यामुळे आम्हांसही तो आक्षेप प्रथम पटला होता. परंतु हिशेब मांडून पाहता तो टिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

या युक्तीचे तत्त्व रांजण व वाळ्याचा पडदा वापरणारांस नवे नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याने कोंडलेली २०० घनमीटर हवा १० अंशांनी निवावी. उघड्या अंगणात वारा पुष्कळसा लाभ घेऊन जातो, ही गोष्ट वेगळी. मात्र हवा कोरडी पाहिजे. पारा ४० अंशांवर व आर्द्रता शेकडा २० असता ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवितो, म्हणजे निवण्यास १८ अंशांचा वाव आहे. हवा ३५ अंश आणि आर्द्रता शेकडा ६० झाली, की हाच वाव सातांवर येतो. कोकणातील घामट उन्हाळ्यात ही नळी फारशी कामाची नाही. आपल्या मुलखाचा जो कोरडेपणा पिकास मारतो, तोच येथे उपयोगी पडतो.

आता रचना. चार किलो दाबावर ताशी सुमारे ७ लिटर पाणी सोडणारी सहा नोझले एका अंगणास पुरतात. पाठीवरच्या बॅटरी पंपात असते तशी १२ व्होल्टची मोटर एवढा दाब देते. पण येथे एक ताकीद देणे अवश्य आहे. ज्या पंपातून कधीही तणनाशक वा कीटकनाशक गेले, तो कितीही धुतला तरी या कामी घेऊ नये. हे तुषार घरची मुले श्वासावाटे ओढतात. मोटर व टाकी नवीच असावी. ठिबकची पातळ नळी या दाबास सांध्यांतून निसटते, सबब जाड अंगाची घ्यावी व सांधे तारेने आवळावे. मोटरीच्या पुढे जाळीचा फिल्टर बसवावा. आपल्या बोअरचे पाणी जड. नोझलाच्या तोंडी पांढरा थर धरून आठवड्यात धार बारीक होते. नोझले काढून रात्रभर लिंबाच्या रसात बुडविली म्हणजे थर सुटतो. पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठविले असेल तर ते उत्तम. उन्हात तापून नळीत राहिलेले शिळे पाणी मात्र रोज काढून टाकावे, कारण त्यात जंतू वाढतात व तुषारांबरोबर छातीत जातात.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक मूर्खपणा झाला. गारवा पळून जाऊ नये म्हणून आम्ही अंगण चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद केले. तासाभरात आत असा दमटपणा झाला की आमच्या मातोश्री बाज उचलून बाहेर लिंबाखाली गेल्या. पुढे ताडपत्री काढली, माथ्यावर हिरवी जाळी ताणली, पश्चिमेची झळ तेवढी तुराट्यांच्या कुडाने अडविली व बाकी मोकळे ठेवले, तेव्हा कोठे ती नळी कामास आली. सावली आधी, वारा मग आणि पाणी शेवटी, हा क्रम उलटा केल्यास पैसा फुकट जातो.

पाण्याचा हिशेब असा. सहा नोझलांस ताशी ४२ लिटर लागतात. पाच मिनिटे चालू व पाच मिनिटे बंद ठेवल्यास ताशी २१. दुपारी एक ते चार चालविली तर दिवसाचे ६३ लिटर, म्हणजे चार-साडेचार घागरी. उन्हाळ्याचे ७५ दिवस धरले तर ४,७२५ लिटर होतात. आता पाटाने भिजविलेल्या उसास वर्षाकाठी २,००० मिलिमीटर पाणी धरा. हा आकडा चढा नाही. एका गुंठ्यास २ लाख लिटर झाले. याचा अर्थ, एका गुंठ्याच्या पाण्यात चाळीसांवर अंगणे उन्हाळाभर निवतील. मिरजेची पहिली गाडी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली होती. तिचे सबंध पाणी अडीच गुंठे उसात जिरले असते. घागरीस पाप म्हणणारे किती सद्गृहस्थ आपल्या एकरभर उसाविषयी तोच शब्द उच्चारतील?

तथापि एक बंधन आम्ही स्वतःस घालून घेतले आहे. गावास टँकर लागला, की नळी गुंडाळून ठेवावयाची. बोअर आपला असला तरी खालचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचेही आहे. आणि ज्या घरची बाई घागर घेऊन रांगेत उभी आहे, तिच्या डोळ्यांसमोर हिशेबाचा कागद धरणे शोभत नाही.

नळी एकच घेण्याची ऐपत असल्यास ती प्रथम कोठे लावावी, असे आम्हांस विचारण्यात येते. घरात अंथरुणास खिळलेले वृद्ध वा बाळंतीण असेल, तर तेथेच. नसेल तर गोठ्यात. संकरित गाय उन्हाने वैरण टाकते व दुधास आटते. म्हशीची कातडी काळी व तिला घाम कमी. परंतु गोठ्यात बारीक तुषारांपेक्षा अंग भिजेल असे जाड थेंब व त्यावर पंख्याचा वारा अधिक गुणकारी आहे. तेथे नोझल मोठे लागते व पाणीही अधिक जाते. हा खर्च दुधाच्या हिशेबात धरावा. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली, की दोन्ही ठिकाणची नळी उतरवावी, नोझले धुऊन डब्यात घालावी आणि डबा उंदरांपासून दूर ठेवावा.