विज्ञानकथेतील नवे शब्द

आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांना ग्रीक-लॅटिन शब्दमुळे अंगवळणी पडलेली असतात. इंग्रजी विज्ञानकथाकार त्यांतूनच नवे शब्द घडवितात. मराठी लेखकाने मात्र तेच उचलावेत, हे मला पटत नाही. 'क्रायो' ऐकून मराठी वाचकाला हुडहुडी भरत नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनावाने पाठविलेली कथा होती 'कृष्णविवर'. त्या शब्दातच काळोख आहे, खोली आहे. आणि इंदुरात हिंदीतून शिकलेल्या आपल्या मुलांनाही तो परका वाटत नाही. सगळेच संस्कृत शब्द असे साधत नाहीत. चापेकच्या १९२० च्या नाटकातील 'रोबोट'मागे चेक भाषेतील 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी, आहे. 'यंत्रमानवा'त ती हरवली. जुना 'वेठ्या' अधिक नेमका ठरला असता.