मरजान

कुकडीच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या श्रीगोंद्यातून आम्ही सुट्टीत सहकुटुंब मालवणला गेलो. तारकर्लीला कर्लीच्या खाडीत कयाक घेतली. अम्मींनी काठावरून दुआ पढली. लाइफ जॅकेट घालून लेक पुढे, आम्ही मागे. दोघांची वल्ही एका तालात पडली, तेव्हा कुठे होडी सरळ चालली. काठाच्या कांदळवनाची मुळे श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावर लेकीला पोवळ्याचा तुकडा सापडला. "अब्बू, शोकेसमध्ये ठेवू?" आम्ही "ठेव" म्हणालो. शेजारच्या होडीवाल्या काकांनी हळूच सांगितले, हे नेता येत नाही. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. वर्गात पर्यावरण शिकवणारे आम्ही, लेकीसमोर ओशाळलो.

"सूरह रहमानमधलं मरजान ते हेच ना?" तिने विचारले. "मग अल्लाहची नेमत घरी का न्यायची नाही?"

"नेमत आहेच, बेटा. पण अमानतही आहे. चूक आमची झाली."

तिने तुकडा पुन्हा पाण्यात सोडला. आमच्या शोकेसमधली ती जागा रिकामीच आहे. पाहुण्यांनी विचारले, तर लेकच हा किस्सा सांगते, आमच्या चुकीसकट.