जुना स्पीकर आणि दुभाषी

दिवाळी सरली, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. आमच्या चंद्रपूरच्या घरी राउटरला जोडलेली डिस्कची पेटी आहे. तीत दंडारीची काही जुनी ध्वनिमुद्रणे आहेत. परवा पेटीचे सॉफ्टवेअर नवे झाले आणि बैठकीतला जुना बिनतारी स्पीकर मुका झाला! त्याला फायली मागण्याची ‘एसएमबी १’ ही जुनी बोलीच तेवढी येते आणि पेटीने तीच बंद केली.

ती पुन्हा सुरू करणे चुटकीसरशी जमते. पण मंडळी, जरा थांबा. विंडोजमधल्या याच बोलीच्या छिद्राचाही फायदा घेत पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते.

त्यापेक्षा मध्ये एक दुभाषी बसवावा. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक पेटीशी नव्या बोलीत बोलतो, स्पीकरशी जुन्या. त्याला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड द्यावा. गाण्यांचा फोल्डर फक्त वाचू द्यावा. फोटो नि बँकेचे कागद दिसू देऊ नयेत. राउटरवरून बाहेरची वाट बंदच ठेवावी.

आणि हो, एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात ठेवावी. स्पीकर बाजारात मिळतो. गेलेल्या माणसाचा आवाज मिळत नाही.