‘छान झाला’ या अभिप्रायाविषयी

गेल्या दशक-दीड दशकात आमच्या मराठी विभागांमध्ये लघुपट आला आणि स्थिरावला. पूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी कवितांची वही घेऊन प्राध्यापकांच्या खोलीबाहेर घुटमळत असे. आज त्याच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात दहा-बारा मिनिटांचा लघुपट. नागपुरातीलच नव्हे, तर गडचिरोली, यवतमाळ, वाशीम येथील महाविद्यालयांतूनही असे लघुपट तयार होतात. विभागाच्या सभागृहात ते दाखविले जातात, टाळ्या होतात, कोणीतरी ज्येष्ठ प्राध्यापक ‘छान झाला’ म्हणतात आणि आभारप्रदर्शन होते. कवितेच्या वहीला निदान एखादी ओळ खोडून परत मिळण्याचे भाग्य लाभत असे. लघुपटाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. साहित्याच्या आस्वादाची आणि मूल्यमापनाची एवढी परिभाषा हाताशी असलेले विभाग या नव्या आविष्काराविषयी इतके मुके का व्हावेत, असा प्रश्न आहे.

‘छान’ हा शब्द वाईट नाही. पण तो बहुधा बोलणाऱ्याची सुटका करतो. त्यात सौजन्य असते, वेळेची टंचाई असते आणि ‘आपल्याला चित्रपटातले काय कळते’ असा संकोचही असतो. शिवाय विद्यार्थ्याचा लघुपट आता विभागाच्या वार्षिक अहवालातील एक नोंद झाला आहे. नॅक समितीच्या पुढ्यात ठेवावयाच्या कागदांत जी गोष्ट मोजली जाते, ती चांगली की वाईट हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मात्र ज्या मुलाने सुट्टीत कोठेतरी काम करून साठविलेल्या पैशातून ध्वनिमुद्रणाचे साहित्य भाड्याने आणले, मित्रांना आर्जवे करून उभे केले आणि रात्री जागून संकलन केले, त्याच्या हाती या शब्दाने काहीच पडत नाही. आपला लघुपट कोणी खरोखर पाहिला की नाही, हेही त्याला कळत नाही.

याविषयी आपल्याकडे विचारच झालेला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील २७ वा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे. रससूत्रावर आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रश्नपत्रिका काढल्या. हा अध्याय मात्र अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिला. भरताने सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. हसणे, वाहवा करणे, हळहळणे, रोमांच उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या रंगमंचाकडे फेकणे ही झाली मानुषी सिद्धी. झाडीपट्टीच्या मंडपात रात्रभर बसून शिट्ट्या मारणारा आणि ‘वन्स मोर’ मागणारा प्रेक्षक ज्याने पाहिला असेल, त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. दुसरी दैवी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरीही तेथे आवाज नाही, क्षोभ नाही, ही तिची खूण. याच अध्यायात वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांची यादी येते. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक असे ते दहा जण. प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रापुरते बोलायचे. धनुष्य धरण्याची ढब बरोबर आहे की नाही, हे धनुर्धराने सांगावे. राजाचा आब राखला गेला की नाही, हे राजाने. सर्व गुण एकाच प्रेक्षकात असणार नाहीत, याची भरताला जाणीव होती. आपल्या सभागृहात मात्र विभागप्रमुख हे एकटेच दहाही प्राश्निकांचे काम करतात.

या व्यवस्थेचा उपयोग कोठे होईल, हे विदर्भातील लघुपटांच्या एका परिचित विषयावरून पाहता येईल. येथील विद्यार्थी लघुपट करायला घेतो तेव्हा शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय वारंवार निवडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्याच्या गावात, प्रसंगी ज्याच्या घरात हे घडले, त्याने दुसरे काय सांगावे? परंतु असा लघुपट संपतो तेव्हा सभागृहात जी शांतता पसरते, ती भरताची दैवी सिद्धी असतेच असे नाही. पुष्कळदा ती विषयापुढची शांतता असते. विषय एवढा मोठा की लघुपटाविषयी बोलणे हेच अमानुष वाटावे. येथे दुःख आणि दुःखाचे चित्रण यांत भेद करण्याचे धैर्य लागते. भेगाळलेली जमीन, आकाशाकडे पाहणारा म्हातारा, झाडाला लटकणारा दोर, मागे सारंगी ही चित्रे विद्यार्थ्याने शेतातून आणलेली नसतात. ती त्याने दुसऱ्या लघुपटांतून आणलेली असतात. त्याच्या स्वतःच्या अनुभवविश्वात याहून वेगळे पुष्कळ काही असते. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडची उधारीची वही असते. बोंडअळीने पोखरलेली बोंडे वेचणाऱ्या बायका असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या वर्षीचा पाठीवरचा पंप असतो. हे सारे पडद्यावर का आले नाही, असे त्याला कोणी विचारत नाही, कारण विचारणारा निर्दय ठरेल अशी भीती असते.

अशा वेळी एक शेतकरी प्राश्निक म्हणून बसवून पाहावा. समजा, लघुपटात मृगाची पेरणी चालली आहे आणि बापाच्या मागे धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली दिसते आहे. सभागृहातील समीक्षक या चित्रचौकटीच्या काव्यात्मतेविषयी बोलतील. शेतकरी एवढेच म्हणेल की, पेरणीच्या दिवसांत पऱ्हाटी फुटत नाही. हे चित्रीकरण दिवाळीच्या सुमारास केलेले दिसते. या एका वाक्यात आस्वाद नाही, सिद्धांत नाही, मूल्यनिर्णयही नाही. तरीही दिग्दर्शकाला याहून मोलाचे काही मिळणे कठीण. प्रामाणिक अभिप्रायाचा आरंभ ‘मला काय आवडले’ येथून न होता ‘मी काय पाहिले’ येथून होतो, असे जे आम्हांस वाटते ते या अर्थाने. पाचव्या मिनिटाला बाप खाटेवर बसला तेव्हा त्याने मनाशी काय ठरविले आहे ते मला कळले होते. नंतर सारंगीने तेच पुन्हा सांगितले, असे कोणी म्हटले तर दिग्दर्शकाच्या हाती एक जागा लागते. ‘पार्श्वसंगीत भडक आहे’ या शेऱ्याने ती लागत नाही. त्याने फक्त मान खाली जाते.

प्राश्निक कितीही जाणता असला तरी तो निःस्वार्थी असतोच असे नाही, हेही आपल्याच परंपरेने सांगून ठेवले आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठत्वाचा वाद होतो, आणि त्यांच्या शिष्यांचे प्रयोग पाहून निर्णय द्यावा म्हणून परिव्राजिका पंडिता कौशिकीला नेमले जाते. ती खरोखर विदुषी आहे. परंतु तिचा निर्णय आधीच ठरलेला आहे. राजाला मालविकेचे दर्शन घडावे म्हणूनच हा सारा घाट घातलेला असून परिव्राजिका त्या बेतात सामील आहे. नर्तकींनी जड वेशभूषेवाचून यावे, अंगसौष्ठव दिसावे, ही अटही तीच घालते. शिवाय ती मूळची विदर्भाची, आणि मालविका ही विदर्भाची राजकन्या, हे गुपित नाटकाच्या शेवटी उघड होते. अर्थात निकाल लागतो तो ‘निर्दोष’ असा. (दोष काढतो तो एकटा विदूषक. प्रथम प्रयोगापूर्वी ब्राह्मणाची पूजा व्हायला हवी होती, ती राहिली, एवढाच. अशी टीका करणारे आपल्या सभागृहांतही असतात.) मालविका गुणी आहे, म्हणून प्रशंसा खोटी ठरत नाही, पण ती तिच्या नृत्याकडे पाहून केलेली नाही. आणि हरदत्ताच्या शिष्येचे काय झाले? मध्यान्हीची वेळ झाली म्हणून तिचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर गेला. नाटकात तो पुढे कधीच येत नाही. विभागाच्या नावलौकिकासाठी एका लघुपटाचे कौतुक होते तेव्हा ज्यांचे पाहायचे राहून गेले, त्या मुलांची आठवण ठेवायला हवी.

याच्या दुसऱ्या टोकाला कठोर निर्णय आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला मुख्य करंडक दिला नाही. तो दर्जा कोणीही गाठला नाही, असे त्यांचे मत पडले. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. परीक्षकांचा अधिकार आम्ही मान्य करतो, आणि त्यांनी भीड बाळगली नाही याचा आनंदही वाटतो. मात्र त्या वादात बोलले गेले ते मुख्यतः करंडक द्यावा की न द्यावा याविषयी. त्या एकांकिकांत काय होते आणि काय नव्हते, हा प्रश्न मागे पडला. निर्णय आणि अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय प्रामाणिक असला तरी तो अभिप्रायाची जागा घेऊ शकत नाही.

मराठी साहित्यव्यवहारात सविस्तर अभिप्रायाची परंपरा कोणी घडविली असेल तर ती ‘सत्यकथे’च्या संपादकांनी. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदितांच्या हस्तलिखितांवर घेतलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. कथा ‘साभार परत’ करून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी ते पत्रे लिहीत, पुनर्लेखन करवून घेत. या कष्टांतून मराठी कथेला किती लाभ झाला, हे वेगळे सांगावयास नको. तथापि याच नियतकालिकाच्या अंकाची १९६९ साली मुंबईत तरुण लेखकांनी होळी केली. त्या कृतीचे समर्थन करणे वा न करणे हा येथे प्रश्न नाही. पण एकाच अभिरुचीतून येणारा अभिप्राय कितीही आस्थेचा असला, तरी तो हळूहळू दाराशी उभा राहून आत कोणी यावे हे ठरवू लागतो, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. वऱ्हाडीत वा झाडीबोलीत बोलणारी पात्रे घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ‘संवाद जरा प्रमाणभाषेच्या जवळ आणा, म्हणजे सर्वांना कळेल’ असे सुचविणारा प्राध्यापक सद्‌हेतूनेच बोलत असतो. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासक्रमाचे विद्यार्थी असताना केलेला ‘पिस्तुल्या’ हा लघुपट पुढे राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यातील मुलाला कोणी असे ‘सर्वांना कळेल’ असे बोलायला लावले असते, तर काय उरले असते याची कल्पना करून पाहावी. पुढे ‘झुंड’ (२०२२) साठी त्यांनी नागपूरच्याच वस्त्यांतील मुले उभी केली, तीही त्यांच्या बोलीसकट. बोली आणि सदोष ध्वनिमुद्रण या दोन भिन्न गोष्टी आहेत. संवाद कळला नाही तर तो बोलीमुळे कळला नाही की माइक दूर होता म्हणून, हे आधी पाहावे आणि मग बोलावे.

अभिप्राय घेणाऱ्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. ‘अभिप्राय’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ हेतू, मनातील आशय. मराठीतही ‘त्यांच्या म्हणण्याचा अभिप्राय असा’ हा प्रयोग टिकून आहे. म्हणजे दिग्दर्शकाचा अभिप्राय आणि प्रेक्षकाचा अभिप्राय यांना भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि लघुपटाची सारी परीक्षा या दोहोंमधील अंतरात होते. ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे दिग्दर्शक उठून सांगू लागला की ते अंतर क्षणात बुजते. प्रेक्षक सौजन्याने ‘अच्छा, असे होय’ म्हणतात आणि पडद्यावर नसलेली गोष्ट भाषणाने भरून निघते. दिग्दर्शकाने त्या सभेत स्पष्टीकरण देऊ नये, असे आम्ही म्हणतो ते शिस्तीसाठी नव्हे. पुढच्या गावी लघुपट जाईल तेव्हा त्याच्याबरोबर दिग्दर्शक जाणार नाही.

हा अभिप्राय मागायचा कधी, हेही महत्त्वाचे आहे. हस्तलिखित परत घेऊन नव्याने लिहिता येते. लघुपटाचे तसे नसते. कॅमेरा परत गेलेला असतो, म्हातारीचे काम करणारी शेजारीण लेकीकडे निघून गेलेली असते, पऱ्हाटी उपटून झालेली असते. संपूर्ण झालेल्या लघुपटावरचा अभिप्राय पुढच्या लघुपटालाच उपयोगी पडतो. म्हणून प्रदर्शनाचा समारंभ करण्यापूर्वी, संकलन कच्चे असताना, संगीत चढविलेले नसताना, विभागातील एखाद्या खोलीत चार-पाच जणांना तो दाखवावा. त्यांत एक शेती जाणणारा असावा, एक वऱ्हाडी न जाणणारा, एक दुसऱ्याच विषयाचा विद्यार्थी. गुण देणारे प्राध्यापक त्या दिवशी खोलीत नसले तर अधिक बरे. दिग्दर्शकाने मागे, भिंतीशी बसावे आणि कोणत्या मिनिटाला कोणाची नजर पडद्यावरून हटली तेवढे वहीत टिपावे. ती का हटली, हे विचारायला चहा येईपर्यंत थांबायला हरकत नाही.